ड्रायरमधलं पाणी जातं कुठं? लातूरच्या फ्लॅटमधला माझा अनुभव

लातूरच्या माणसानं घरात दमटपणा वाढल्याची तक्रार केली की बाहेरगावचे पाहुणे हसतात. एप्रिल २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथला माणूस घरातलं पाणी बाहेर कसं काढायचं ते सांगतोय म्हटल्यावर हसणारच. पण मराठवाड्याचा पाऊस ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे. जून-जुलैत ढग पुष्कळदा नुसतं तोंड दाखवून जातात, आणि भाद्रपदात झड लागते ती लागते. महालक्ष्म्यांच्या आसपास सलग कितीतरी दिवस ऊन दिसत नाही असंही होतं. पापड सादळतात, काडेपेटीचा गुल नुसता निघून येतो, आणि ट्रंकेतून काढलेल्या महालक्ष्म्यांच्या साड्या आधी नाकाला कळतात, मग डोळ्यांना. आमच्याकडं घर घेताना माणूस उन्हाळ्याचा विचार करतो. ओलीचा विचार कुणी करत नाही.

कपडे वाळवायचा ड्रायर आला तो आईमुळं. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि पुढं बराच काळ ती पलंगावरच होती. रोजच्या दोन-तीन चादरी, खाली अंथरायची जुनी सुती लुगडी, गाऊन, टॉवेल. उन्हाळ्यात हा ढीग गच्चीवर बघता बघता कडक वाळायचा. पावसाळ्यात तोच ढीग हॉलमधल्या वलणीवर, दारांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, आणि दुसऱ्या दिवशीही हाताला गार. त्यात आईला जुना दमा. अशा घरात तिला ठेवणं जिवावर यायचं. तेवढ्यात पुण्यातला भाचा परदेशी निघाला आणि त्यानं आपला सात किलोचा ड्रायर ट्रान्सपोर्टनं आमच्याकडं धाडून दिला.

हा ड्रायर व्हेंटेड प्रकारचा. खोलीतली हवा आत ओढायची, तापवायची, फिरत्या ड्रममधल्या कपड्यांतून न्यायची आणि ओली झालेली हवा मागच्या चार इंची तोंडातून बाहेर सोडायची, एवढंच त्याचं काम. नळी सोबत आली नव्हती. भाचा पुण्यात तो उघड्या गॅलरीत ठेवून तसाच चालवायचा. आमची ड्राय बाल्कनी मात्र स्लायडिंगनं बंद केलेली, आणि तिचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं.

पहिल्याच चादरी अशा निघाल्या की आई त्यांना गालाशी लावून बसली. मग म्हणाली, “एवढ्या चादरीत पाणी होतं की रे. मशिनला बादली नाही, मोरीत नळी सोडलेली नाही. मग पाणी गेलं कुठं?”

जिनं २०१६ मध्ये भांडी घासलेलं पाणी संडासाला आणि कपड्यांचं पाणी फरशीला वापरून घर चालवलं, ती हे विचारणारच. उत्तर स्वयंपाकघराच्या खिडकीवर होतं. काचेवरून पाण्याचे ओघळ चालले होते.

मी काही इंजिनिअर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. त्यामुळं पहिल्यांदा वजन केलं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता. कोरडे असताना ४ किलो भरलेले कपडे वॉशिंग मशिनमध्ये मिनिटाला ८०० फेऱ्यांवर पिळून काढले तर पावणेसात किलोच्या पुढं गेले. तेच १२०० फेऱ्यांवर पिळले तर सव्वासहाच्या आसपास. म्हणजे एका वेळी सव्वादोन ते पावणेतीन लिटर पाणी आम्ही ड्रायरमध्ये भरत होतो आणि ते सगळं घरात सोडत होतो.

हे किती, ते कळायला खोलीची हवा डोळ्यांपुढं आणावी लागते. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. २७ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. म्हणजे अख्ख्या खोलीत वाफेच्या रूपानं मावणारं पाणी एक लिटरही नाही. त्यातही पावसाळ्यात हवा आधीच ७० टक्के भरलेली असते, तेव्हा शिल्लक जागा पाव लिटरच्या जरा वर. तिथं आपण अडीच लिटर ओततो. ड्रायरच्या उष्णतेनं हवा तापलेली असते तोवर ते खपून जातं, पण ती हवा गार भिंतीला, काचेला किंवा कपाटामागच्या कोपऱ्याला लागली की पाणी तिथं उतरतं. बुरशी आधी कपाटामागं दिसते ती यामुळं.

यावरून पहिला बदल ठरला, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. सुती कपड्यांना पिळणी कायम १२०० वर. पिळून काढलेलं पाणी मोरीत जातं, त्याची वाफ करावी लागत नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायला निदान ०.६ ते ०.७ युनिट वीज लागतेच, तेवढंच पाणी पिळून काढायला त्याच्या मानानं काहीच लागत नाही. ज्यांच्याकडं ड्रायर नाही आणि जे घरातच कपडे वाळत घालतात, त्यांनाही हेच लागू. चादर वलणीवर वाळली काय नि ड्रममध्ये वाळली काय, पाणी तेवढंच हवेत येणार. फरक इतकाच की ड्रायर ते तासा-दीड तासात सोडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आर्द्रता मोजायचं छोटं डिजिटल यंत्र. काहीशे रुपयांत मिळतं. अशा स्वस्त यंत्रांवर माझा विश्वास बसत नाही, म्हणून ते तपासून घेतलं. तपासायची रीत सोपी आहे, मुलांना शाळेत करून दाखवण्याजोगी. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्यायचं, त्यात जेमतेम भिजेल एवढंच पाणी घालायचं, मीठ विरघळून जाता कामा नये. ते झाकण आणि यंत्र हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवायचं. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. माझं यंत्र सकाळी ६९ दाखवत होतं. तेव्हापासून त्याच्या आकड्यात सहा मिळवून वाचतो.

हे यंत्र आईच्या उशाशी ठेवलं आणि घरातली निम्मी भांडणं संपली. खिडकी उघडायची की लावायची, पंखा कुठला चालू ठेवायचा, हे ज्याच्या त्याच्या अंगाला विचारून ठरत होतं. आता आकडा सांगू लागला. नळी न लावता ड्रायर चालवला की आईची खोली, जी बाल्कनीपासून घराच्या दुसऱ्या टोकाला आहे, तीही ८० च्या पुढं जायची आणि रात्री उशिरापर्यंत खाली येत नसे. ६० च्या खाली आकडा राहिला तर बुरशीला फार वाव नाही. ७० च्या वर दिवसचे दिवस राहिला तर ती येणारच. झड लागल्यावर ६० गाठणं आम्हाला जमत नाही, हे आधीच सांगतो. ६५ ला आम्ही समाधानी असतो.

मग नळीचं काम. यात सगळ्यात जास्त डोकं गेलं, कारण लातुरात ड्रायरची नळी मागितली की दुकानदार आधी वॉशिंग मशिनचा ड्रेन पाईप पुढं करतो. गंजगोलाईत फिरून शेवटी एक्झॉस्ट फॅनला लावतात ती चार इंची ॲल्युमिनिअमची लवचिक नळी मिळाली. स्लायडिंगवाल्या कारागिराचं म्हणणं, ड्रेनेजचा पीव्हीसी पाईप लावू, तो टिकतो. मी नको म्हटलं. या नळीतून तापलेली हवा आणि तिच्याबरोबर सुताचा बारीक भुगा सतत जातो. तो भुगा लवकर पेटतो, तेव्हा नळी धातूचीच हवी. स्लायडिंगच्या एका पल्ल्याची खालची काच काढून तिथं पत्रा बसवला, पत्र्याला भोक पाडलं आणि बाहेरच्या बाजूला, आतून येणाऱ्या हवेच्या झोतानं उघडणारी झडप लावली. बाहेरच्या तोंडाला जाळी लावायचा मोह होतो, कारण कबुतरं. पण जाळीत भुगा अडकतो आणि तोंड हळूहळू बुजतं. झडप पुरते.

आमच्या इमारतीत मधोमध डक्ट आहे, सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या त्यात उघडतात. तिथंच हवा सोडा, बाहेरून दिसणारही नाही, असं एकानं सुचवलं. म्हणजे आमचं पाणी वरच्या काकूंच्या बाथरूमच्या छतावर. नळी रस्त्याच्या बाजूलाच काढली.

नळी जितकी आखूड तितकी बरी, वळणं जितकी कमी तितकी बरी. आमची जेमतेम चार फुटांची, एका वळणाची. बाहेरच्या टोकाकडं तिला थोडा उतार दिला, म्हणजे आत थंड होऊन पडलेलं पाणी मशिनकडं परत न येता बाहेर ठिबकतं. जोडांवर धातूची चिकटपट्टी आणि बाहेरून पट्टा कसला. स्क्रू मारला की त्याचं टोक आत येतं आणि भुगा तिथंच धरतो.

नळी लागल्यावर आकडा लगेच उतरेल असं वाटलं होतं. उतरला, पण निराळीच कटकट सुरू झाली. ड्रायर चालू झाला की बाल्कनीच्या फरशीतल्या, सांडपाण्याच्या जाळीतून गटाराचा वास. सौ.चं म्हणणं, नळी चुकीच्या जागी जोडली. जोडणी ठीक होती. मशिन जेवढी हवा बाहेर फेकतं तेवढी त्याला कुठून तरी आत घ्यावी लागते. बाल्कनीच्या खिडक्या पावसामुळं बंद, स्वयंपाकघराचं दार मशिनच्या आवाजामुळं बंद, मग हवा उरल्यासुरल्या वाटेनं आली. ती वाट म्हणजे त्या जाळीखालचा, पाणी आटून कोरडा पडलेला पाईप. जाळीत तांब्याभर पाणी ओतलं, वास गेला. नळीपासून लांबच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला लागलो, तेव्हा कपडेही लवकर वाळू लागले.

इथं एक गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर आहे, आणि तो बाल्कनीला लागूनच. ड्रायर बंद घरातून हवा ओढत असताना जळणाऱ्या गॅसचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरात ओढला जाऊ शकतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, आणि त्यानं माणूस दगावतो. म्हणून आमच्याकडं नियम एकच: कुणाची आंघोळ चालू असेल तर ड्रायर बंद. बाथरूमची खिडकी कायम उघडी, थंडी वाजली तरी.

शेजारच्या एका सरांनी शंका काढली, आणि ती रास्त होती. बाहेर पाऊस, बाहेरची हवा ९० टक्के ओली, तीच आत ओढून कपडे कसे वाळणार? वाळतात, कारण हवा तापली की तिची वाफ धरायची ताकद झपाट्यानं वाढते. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची हवा ६० अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १५ टक्क्यांच्याही खाली येते. पाणी तेवढंच, पण हवेची भूक वाढलेली. भर पावसातही ड्रायर बाहेरच्या हवेवर व्यवस्थित चालतो, फक्त ती ओली होऊन पुन्हा घरात येता कामा नये.

याच हिशोबानं खिडक्यांचंही कोडं सुटलं. बाहेर ९५ दाखवतंय म्हणून सगळं लावून बसायचं, हे दरवेळी बरोबर नसतं. बाहेर २३ अंश आणि ९५ टक्के असेल, तर त्या हवेत घनमीटरला साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. घरात २८ अंश आणि ७५ टक्के असेल, तर वीसच्या थोडं वर. आकड्यानं ओली वाटणारी बाहेरची हवा खरं तर आतल्यापेक्षा किंचित कोरडी. पाऊस उघडून दुपारी वारा सुटला, की मग विचारच करायचा नाही, समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या. मराठवाड्यात ही सवड मिळते. कोकणातल्या माणसाला श्रावणात ती सहसा मिळत नाही.

तरीही आईच्या खोलीतली एक भिंत ओलीच राही. ड्रायरवर आळ घेण्याआधी त्या भिंतीवर प्लास्टिकचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट चिकटवून ठेवला. थेंब खोलीच्या बाजूनं आले तर हवेतलं पाणी, प्लास्टिकच्या मागं आले तर भिंतीतलं. आमच्याकडं मागं आले. वरच्या मजल्याची मोरी झिरपत होती. ती दुरुस्त व्हायला लागलेला वेळ आणि सोसायटीच्या बैठका यांवर वेगळं लिहावं लागेल, इथं नको. कपाट मात्र भिंतीपासून चार इंच पुढं ओढलं, मागं हवा खेळली आणि बुरशी परत आली नाही. कपाटात ठेवायच्या ओल शोषणाऱ्या पुड्या साड्यांच्या ट्रंकेत ठीक आहेत, खोलीभर दमटपणापुढं त्यांचं काही चालत नाही. पाऊस फारच चिकटला तर रात्री एसी ड्राय मोडवर ठेवतो.

आजारी माणूस घरात असेल त्यांच्यासाठी आणखी एक. आईच्या पायांना रोज करडईचं तेल चोळायचो, आणि ते चादरीला लागायचं. करडई किंवा जवसाचं तेल कापडात राहिलं, ते कापड ड्रायरमध्ये तापलं आणि तसंच गोळा होऊन पडलं, तर ते आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतं. साध्या धुण्यानं हे तेल पुरतं निघत नाही. म्हणून तेलकट चादरी वेगळ्या काढून गरम पाण्यात धुवायच्या आणि वलणीवरच घालायच्या. तेवढ्या दिवसांत आईच्या खोलीचा आकडा वर जातो, त्याला इलाज नाही. वलणी तिच्या खोलीत न बांधता हॉलमध्ये, उघड्या खिडकीपाशी बांधली.

लाईट गेली की ड्रायर मध्येच थांबतो, आणि आमच्याकडं पाऊस आणि लाईट यांचं जमत नाही. अशा वेळी कपडे आत तसेच सोडायचे नाहीत. शेवटची गार करण्याची पाळी झालेली नसते, ढीग तापलेला असतो आणि ओलही तिथंच घुटमळते. कपडे लगेच काढून झटकून पसरायचे. एरवीही मशिन थांबल्यावर दार उघडं ठेवायचं, भुग्याची जाळी दरवेळी साफ करायची. जाळी बुजली की वेळ वाढतो, वीज वाढते आणि नळीतून जायची हवा फटींतून घरात येऊ लागते. कामाला येणाऱ्या मावशींनी हे एकदा पाहिलं आणि आता त्याच मला आठवण करतात.

खर्चाचं सांगायचं तर ४ किलोच्या ढिगाला आमचा मीटर साधारण तीन युनिट पुढं सरकतो. हीट पंपाचा, म्हणजे तीच उष्णता पुन्हा पुन्हा वापरणारा ड्रायर निम्म्याच्या आसपास विजेत तेच काम करतो, पण घ्यायला बराच महाग. हा चालतोय तोवर आम्ही याच्यावरच. दिवाळीनंतर तो जवळजवळ बंदच असतो, गच्चीवर ऊन फुकट आहे.

आमचं बघून दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कंडेन्सर प्रकारचा ड्रायर घेतला, नळी नको म्हणून. तो वाफ थंड करून पाणी टाकीत साठवतो. “मग आमच्याकडं ओल नाही ना होणार?” त्यांनी विचारलं. अगदी नाही असं नाही. अशा मशिनमधूनही थोडी वाफ निसटते, साधारण प्रतीच्या मशिनमध्ये दहा ते वीस टक्के. अडीच लिटरमधलं पाव ते अर्धा लिटर पाणी तरीही घरात येतं, म्हणून छोट्या बंद खोलीत ते ठेवू नका, दार उघडं असू द्या आणि कंडेन्सरवर बसलेला भुगा साफ करत जा, एवढं सांगितलं. टाकीतल्या पाण्याचं काय करायचं, हा त्यांचा पुढचा प्रश्न. लातुरात ते ओतून द्यायला कुणाचा हात धजत नाही. फरशी पुसा, संडासात ओता, चालेल. काका ते इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला निघाले होते, वाफेचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरच की म्हणून. त्यांना थांबवलं. त्यात सुताचे धागे असतात आणि साबणाचा अंशही. बॅटरीचं पाणी दुकानातूनच आणायचं.